रोबोटच्या हाती किती जोड्या द्यायच्या?

स्वयंचलित चलन-व्यवहार शिकायला बसलेल्या माणसापुढे पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो. बॉटला, म्हणजे आपोआप सौदे करणाऱ्या प्रोग्रामला, युरो-डॉलरसारखी एकच जोडी द्यायची, की एकदम सहा-आठ जोड्यांवर सोडायचे? जोड्या जास्त म्हणजे जोखीम वाटली गेली, असा हिशोब मनात आधीच तयार असतो. चलनबाजारात तो बहुतेक वेळा फसतो, कारण इथे प्रत्येक भावाच्या दोन्ही बाजूंना चलनच असते. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या २०२२ च्या पाहणीत जगातल्या ८८ टक्के व्यवहारांत एक बाजू डॉलरची होती. म्हणजे तुम्ही निवडलेल्या आठ जोड्यांपैकी सहांत डॉलर असणार, आणि डॉलर हलला की सहाही जोड्या एकत्र हलणार.

तरीही अनेक जोड्यांचा उपयोग आहे, फक्त तो लोक समजतात त्या ठिकाणी नाही. खाली क्रमाने जाऊ. उदाहरणे मेटाट्रेडर ५ या सौदे करण्याच्या सॉफ्टवेअरवरची आहेत, कारण नवखे लोक बहुधा तिथूनच सुरुवात करतात.

आधी कायदा

भारतात राहत असाल तर हा भाग वगळू नका. परकीय चलन व्यवस्थापन कायदा १९९९, म्हणजे फेमा, यानुसार भारतातल्या रहिवाशाला परकीय चलनाचे सौदे फक्त अधिकृत संस्थांकडे आणि परवानगी असलेल्या कारणांसाठीच करता येतात. इलेक्ट्रॉनिक सौदे रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेल्या मंचांवर किंवा मान्यताप्राप्त शेअर बाजारांवरच व्हायला हवेत. इन्स्टाग्रामवर जाहिरात करणारे परदेशी ब्रोकर यात बसत नाहीत. अनधिकृत मंचांची सावधगिरीची यादी रिझर्व्ह बँक सप्टेंबर २०२२ पासून आपल्या संकेतस्थळावर ठेवते. यादीत नाव नाही म्हणजे तो मंच अधिकृत आहे, असे मात्र होत नाही. वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवण्याची जी मुभा आहे, तिच्यातून परदेशी ब्रोकरकडे मार्जिन, म्हणजे सौद्यासाठीची अनामत रक्कम, भरता येत नाही. नियम मोडल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

एनएसईवर डॉलर-रुपया, युरो-रुपया, पाउंड-रुपया आणि येन-रुपया यांचे वायदे आहेत. डॉलर-रुपयाचा एक लॉट १,००० डॉलरचा. पण ३ मे २०२४ पासून रुपयाच्या या वायद्यांत उतरणाऱ्याकडे खरी परकीय चलनाची देणी-घेणी असणे बंधनकारक आहे. ठराविक मर्यादेपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, देणी-घेणी मात्र असावीच लागतात. द्राक्षे किंवा यंत्राचे भाग निर्यात करणाऱ्याला हा बाजार उपयोगी आहे. निव्वळ भावाच्या चढउतारावर बॉट सोडू पाहणाऱ्याला नाही.

त्यामुळे पुण्या-नाशकात बसून शिकणाऱ्याने हे सगळे डेमो खात्यात आणि जुन्या भावांवर करावे. मेटाट्रेडर बनवणाऱ्या मेटाकोट्सच्या सर्व्हरवर डेमो खाते पैसे न भरता उघडता येते. लंडन, न्यू जर्सी किंवा इतर देशांत स्थायिक झालेल्यांनी तिथल्या नियामकाच्या नोंदवहीत ब्रोकरचे नाव आणि नोंदणी क्रमांक स्वतः तपासावा, ब्रोकरने पाठवलेल्या दुव्यावरून नाही. ब्रिटन आणि युरोपीय संघात सामान्य ग्राहकाला मुख्य जोड्यांवर ३० पट उधारी मिळते, अमेरिकेत ५० पट. अमेरिकेत एकाच खात्यात त्याच जोडीची खरेदी आणि विक्री एकत्र उघडी ठेवता येत नाही. तशी गरज असलेला बॉट तिथे चालणारच नाही.

आणखी एक आकडा. युरोपच्या बाजार नियामकाने २०१८ मध्ये निर्बंध आणताना नोंदवले होते की अशा उधारीच्या करारांत ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात जातात. बॉट लावल्याने तुम्ही त्या गटातून आपोआप बाहेर पडत नाही.

पायरी १: खाते आणि टर्मिनल

टर्मिनल म्हणजे संगणकावर बसवलेला मेटाट्रेडर. मेटाट्रेडर ४ घेऊ नका. त्याच्या टेस्टरमध्ये एका वेळी एकाच जोडीवर बॅकटेस्ट (जुन्या भावांवरची चाचणी) होतो, त्यामुळे अनेक जोड्यांचा एकत्र परिणाम दिसतच नाही. मेटाट्रेडर ५ चा टेस्टर सगळ्या जोड्या एकाच घड्याळावर चालवतो.

खाते उघडताना ‘नेटिंग’ की ‘हेजिंग’ हे पाहून घ्या. नेटिंगमध्ये एका जोडीत एकच निव्वळ सौदा राहतो. एका बॉटने युरो-डॉलर ०.०५ लॉट घेतला आणि दुसऱ्याने ०.०५ विकला, तर दोन्ही संपतात आणि दोन्ही बॉटना आपला सौदा कुठे गेला ते कळत नाही. हेजिंगमध्ये प्रत्येक सौदा वेगळा राहतो, म्हणून शिकताना हेजिंग सोपे पडते.

नंतर सर्व्हरचे घड्याळ पाहा. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळचे ५ वाजतात तेव्हा चलनबाजाराचा दिवस बदलतो. ज्या सर्व्हरची मध्यरात्र याच वेळी येते, तिथे आठवड्याला पाच दैनिक कॅंडल, म्हणजे चार्टवरच्या एकेका दिवसाच्या भावाच्या पट्ट्या, मिळतात. इतर सर्व्हरवर रविवारची दोन-तीन तासांची सहावी कॅंडल तयार होते आणि ‘२० दिवसांचा उच्चांक’ किंवा सरासरी काढणारे प्रत्येक गणित बिघडवते. एकच बॉट दोन ब्रोकरांकडे वेगळा का वागतो, याचे कारण बऱ्याचदा एवढेच असते.

पायरी २: एक जोडी, एक नियम

जोडी युरो-डॉलर घ्या. तिचा स्प्रेड, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या भावातला फरक, सहसा सर्वांत कमी असतो आणि जुने भाव भरपूर मिळतात. नियम शाळकरी वाटेल इतका साधा ठेवा:

१. दैनिक कॅंडल मागच्या २० दिवसांच्या उच्चांकावर बंद झाली की खरेदी, नीचांकाखाली बंद झाली की विक्री.
२. स्टॉपलॉस, म्हणजे तोट्यातला सौदा आपोआप मिटवण्याचा भाव, दिवसाच्या सरासरी हालचालीच्या, म्हणजे एटीआरच्या, दुप्पट अंतरावर.
३. खरेदीतून बाहेर पडायचे ते १० दिवसांचा नीचांक तुटल्यावर. विक्रीत याच्या उलट.
४. एका सौद्यात खात्याच्या ०.५ टक्क्यापेक्षा जास्त जाऊ द्यायचे नाही.

हा नियम पैसे कमावून देईल असा दावा नाही. तो कागदावर हाताने पडताळता येतो, म्हणून घेतला आहे. बॉटने घेतलेले पहिले दहा सौदे चार्टवर बोट ठेवून मोजा. प्रवेशाचा दिवस, भाव आणि लॉट यांपैकी एक जरी जुळला नाही तरी पुढे जाऊ नका.

लॉटचे गणित इथेच पक्के करा. एनएसईचा लॉट वेगळा; इथे पूर्ण लॉट म्हणजे पायाभूत चलनाचे, म्हणजे जोडीतल्या पहिल्या चलनाचे, १,००,००० एकक. युरो-डॉलरमध्ये पिप म्हणजे ०.०००१, म्हणून एका लॉटला एक पिप १० डॉलरचा. खाते ५,००० डॉलरचे, जोखीम ०.५ टक्के म्हणजे २५ डॉलर, एटीआर ७० पिप धरला तर स्टॉपलॉस १४० पिप.

२५ ÷ (१४० × १०) = ०.०१८ लॉट.

ब्रोकर ०.०१ च्या पटीतच लॉट देतो. खाली उतरवून ०.०१ घेतला तर खरी जोखीम १४ डॉलर, वर चढवून ०.०२ घेतला तर २८. नेहमी खालीच उतरवा. आता खाते १,००० डॉलरचे धरा. ०.५ टक्के म्हणजे ५ डॉलर, आणि सर्वांत छोट्या ०.०१ लॉटचीच जोखीम १४ डॉलर. नीट लिहिलेला बॉट सौदाच घेणार नाही. हलगर्जीपणे लिहिलेला ‘किमान लॉट’ घेईल आणि जोखीम मुकाट जवळजवळ तिप्पट करेल. या स्टॉपलॉसवर ०.५ टक्क्यात बसायला किमान २,८०० डॉलर लागतात. छोट्या खात्यावर आठ जोड्यांचा बॉट चालवणे इथेच संपते, रणनीतीचा प्रश्न येण्याआधीच.

पायरी ३: खर्च

समजा स्प्रेड १ पिप आणि कमिशन लॉटमागे जाऊन-येऊन ७ डॉलर, म्हणजे ०.७ पिप. एका सौद्याचा खर्च १.७ पिप. १४० पिपचा स्टॉपलॉस असलेल्या दैनिक नियमाला तो जाणवतही नाही. पंधरा मिनिटांच्या चार्टवर सरासरी ३ पिप कमावणाऱ्या नियमाचे मात्र अर्ध्याहून अधिक उत्पन्न त्यातच जाते. पाउंड-न्यूझीलंड डॉलरसारख्या क्रॉस, म्हणजे अमेरिकन डॉलर नसलेल्या, जोड्यांत स्प्रेड कितीतरी पट मोठा असतो, त्यामुळे युरो-डॉलरवर तगलेला जलद बॉट तिथे नेऊन ठेवला की तोट्यात जातो.

दैनिक नियमाला खरा खर्च स्वॅपचा. सौदा रात्रभर ठेवला की दोन चलनांच्या व्याजदरातला फरक, ब्रोकरचा वाटा धरून, खात्यात जमा किंवा वजा होतो. शनिवार-रविवारचा हिशोब बहुतेक जोड्यांत बुधवारी रात्री तिप्पट लागतो. टेस्टर जुन्या काळालाही आजचाच स्वॅप लावतो. व्याजदर शून्याच्या आसपास होते त्या वर्षांचा निकाल यामुळे चुकीचा येतो, हे लक्षात ठेवून वाचा.

पायरी ४: बॅकटेस्ट, आणि अनेक जोड्यांचा खरा उपयोग

टेस्टरमध्ये ‘खऱ्या टिक्सवर आधारित’ हा पर्याय निवडा. टिक म्हणजे भावातला प्रत्येक छोटा बदल. फक्त कॅंडलच्या सुरुवातीच्या भावांवर चालणारा पर्याय घाईच्या चाचणीला ठीक आहे, पण स्टॉपलॉस आणि टारगेट एकाच कॅंडलमध्ये लागले तर आधी काय लागले हे त्याला कळत नाही. उपलब्ध काळाचे दोन तुकडे करा. पहिल्या दोन-तृतीयांशावर नियम ठरवा आणि उरलेला तुकडा एकदाच वापरा. त्यावर निकाल पाहून परत आकडे हलवलेत की तो तुकडाही पहिल्यातच जमा झाला. टेस्टरमध्ये यासाठी ‘फॉरवर्ड’ची सोय आहेच.

वीस दिवसांचा नियम एका जोडीत वर्षाला बोटांवर मोजण्याइतके सौदे देतो. दहा वर्षे चालवूनही शंभराच्या आत राहाल, आणि तेवढ्या सौद्यांतून नियमात दम आहे की नशीब होते हे ठरत नाही. मग लोक आकडे हलवू लागतात. २० ऐवजी २३, १० ऐवजी ७, आणि आलेख सुंदर होईपर्यंत हे चालते.

अनेक जोड्या इथे कामाला येतात. तोच नियम, तेच आकडे, एकही बदल न करता पाउंड-डॉलर, डॉलर-येन, ऑस्ट्रेलियन डॉलर, कॅनेडियन डॉलर, युरो-पाउंड, युरो-येन यांवर चालवा. सात-आठ जोड्यांपैकी बहुतेकांत निकाल निदान शून्याच्या वर असेल तर नियमात काही तरी आहे. युरो-डॉलरवर झकास आणि इतरत्र सपाट असेल, तर तुम्ही युरो-डॉलरचा इतिहास पाठ केला आहे. प्रत्येक जोडीला वेगळे आकडे ‘शोधून’ दिलेत तर ही परीक्षा फुकट जाते, कारण मग प्रत्येक जोडीचा इतिहास पाठ केलेला असतो, एवढेच.

म्हणजे खरा व्यवहार एका जोडीवर करणार असलात तरी चाचणी अनेकांवर करायची.

पायरी ५: ‘अनेक जोड्या’ म्हणजे नेमके काय

या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली, एकच नियम अनेक जोड्यांवर स्वतंत्रपणे; नवख्याने एवढ्यावरच थांबावे. दुसरी, दोन जोड्यांमधल्या नात्यावर सौदा. उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंड डॉलर एकमेकांपासून फार लांब गेले की एक विकायचे, एक घ्यायचे. यात खर्च दुप्पट लागतो, आणि ऑस्ट्रेलियन-न्यूझीलंड ही थेट जोडी बाजारात असताना दोन स्प्रेड का द्यायचे, हा प्रश्न उरतोच. तिसरी, आठ मुख्य चलनांना ताकदीप्रमाणे क्रम लावून सर्वांत बलवान घेणे आणि दुबळे विकणे. आठ चलनांच्या २८ जोड्या होतात. कल्पना चांगली आहे, पण तिला मोठे खाते आणि नीट लिहिलेला प्रोग्राम लागतो.

चौथा प्रकार नावाने सांगितला जात नाही. ‘अनेक जोड्यांचा बॉट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक प्रोग्रामांच्या आत ग्रिड किंवा मार्टिंगेल असते, म्हणजे तोट्यातल्या सौद्यावर वाढत्या लॉटने सौदे चढवत जाणे. वरून कीर्तन, आतून तमाशा. अनेक जोड्यांमुळे नफ्याची रेष गुळगुळीत दिसते आणि आतला प्रकार झाकला जातो. ओळखायला सौद्यांची यादी काढा. स्टॉपलॉसचा रकाना रिकामा आहे का, एकाच जोडीत ०.०१, ०.०२, ०.०४ असे लॉट चढतात का, आणि ‘बॅलन्स’ची (फक्त मिटलेले सौदे धरून) रेष सरळ वर जात असताना ‘इक्विटी’ची (उघडे सौदेही धरून) रेष खाली लोंबते का, हे पाहा. यातले एक जरी दिसले तर तो बॉट सोडून द्या.

पायरी ६: जोड्या नव्हे, चलने मोजा

समजा १०,००० डॉलरच्या खात्यात बॉटने हे चार सौदे उघडले:

युरो-डॉलर खरेदी ०.१० लॉट, भाव १.१० — डॉलर उणे ११,०००
पाउंड-डॉलर खरेदी ०.१० लॉट, भाव १.३० — डॉलर उणे १३,०००
डॉलर-फ्रँक विक्री ०.१० लॉट — डॉलर उणे १०,०००
ऑस्ट्रेलियन-अमेरिकन डॉलर खरेदी ०.१० लॉट, भाव ०.६५ — डॉलर उणे ६,५००

पडद्यावर तीन खरेदी आणि एक विक्री दिसते, त्यामुळे समतोल असल्यासारखे वाटते. बेरीज केली की ४०,५०० डॉलर विकलेले निघतात. चारही सौदे एकाच माळेचे मणी आहेत. डॉलर सगळ्यांविरुद्ध १ टक्का वधारला तर खात्यातून सुमारे ४०० डॉलर, म्हणजे ४ टक्के जातील.

ही बेरीज जोखमीच्या भाषेतही करता येते. प्रत्येक सौद्याची जोखीम सारखी आणि जोड्यांमधला सरासरी सहसंबंध, म्हणजे त्या किती एकत्र हलतात याचे माप, माहीत असेल, तर एकूण जोखीम अशी: एका सौद्याची जोखीम × वर्गमूळ (संख्या + संख्या × (संख्या − १) × सहसंबंध). चार सौदे, प्रत्येकी ०.५ टक्के. सहसंबंध शून्य असेल तर एकूण १ टक्का. ०.७ असेल तर ०.५ × √१२.४, म्हणजे सुमारे १.७६ टक्के. पूर्ण १ असेल तर २ टक्के. सहसंबंध काढताना भाव घेऊ नका, रोजचा टक्केवारीतला बदल घ्या आणि निदान मागचे १०० दिवस तरी धरा. विक्रीच्या सौद्याचे चिन्ह उलटायला विसरू नका. युरो-डॉलर आणि डॉलर-फ्रँक सहसा उलट्या दिशेने चालतात, म्हणूनच एकाची खरेदी आणि दुसऱ्याची विक्री जवळपास एकच सौदा होतो.

शांत काळात मोजलेला सहसंबंध गडबडीत टिकत नाही. जुलै २०२४ च्या सुरुवातीला डॉलर-येन १६१ च्या वर होता. ३१ जुलैला बँक ऑफ जपानने व्याजदर ०.२५ टक्क्यांवर नेला आणि ५ ऑगस्टला भाव १४२ च्या आसपास आला. स्वॅपच्या मोहाने डॉलर-येन, ऑस्ट्रेलियन-येन, युरो-येन आणि पाउंड-येन या चारही जोड्यांत खरेदी करून बसलेल्या बॉटच्या दृष्टीने ते चार वेगळे सौदे होते. बाजाराच्या दृष्टीने एकच, येन विकलेला.

म्हणून प्रोग्राममध्ये चलनागणिक मर्यादा घाला. सोपी पद्धत अशी: प्रत्येक सौदा उघडला की घेतलेल्या चलनाला अधिक १ आणि विकलेल्याला उणे १ गुण. नवा सौदा घेण्याआधी तपासा. कोणत्याही चलनाचे गुण अधिक २ च्या वर किंवा उणे २ च्या खाली जात असतील तर सौदा नाही. वरच्या उदाहरणात पहिले दोन झाल्यावर डॉलर उणे २ वर पोचला, तिसरा आणि चौथा उघडलेच नसते. त्याच दिवशी युरो-पाउंडचा इशारा आला असता तर तो चालला असता, कारण त्यात डॉलर नाही. जोड्या निवडताना डॉलर नसलेल्या दोन-तीन तरी असू द्या.

लॉट काढताना पिपची किंमत प्रत्येक जोडीची वेगळी काढावी लागते. डॉलर-येनमध्ये पिप ०.०१ येनचा, एका लॉटला १,००० येन; भाव १५० असेल तर ६.६७ डॉलर. युरो-पाउंडमध्ये १० पाउंड, म्हणजे भावानुसार १३ डॉलरच्या आसपास. ‘एक पिप म्हणजे १० डॉलर’ असे प्रोग्राममध्ये ठोकून दिले तर येनमध्ये जोखीम एक-तृतीयांशाने कमी आणि पाउंडमध्ये जवळपास तितकीच जास्त होते, आणि चूक महिनोन्महिने लक्षात येत नाही. टिकची किंमत प्रत्येक वेळी टर्मिनलकडूनच विचारून घ्या.

पायरी ७: प्रोग्राममधल्या जागा जिथे पाय अडकतो

बॉट ज्या चार्टवर लावला त्याच जोडीच्या टिकवर ‘ऑनटिक’ हे फंक्शन चालते. युरो-डॉलरच्या चार्टवर बसून येनवर लक्ष ठेवायचे असेल तर ‘ऑनटायमर’ वापरा आणि दर काही सेकंदांनी सगळ्या जोड्या तपासा. प्रत्येक जोडी आधी ‘मार्केट वॉच’ या टर्मिनलमधल्या यादीत आणावी लागते, नाहीतर भाव रिकामे येतात. काही ब्रोकर जोडीच्या नावापुढे टिंब किंवा एखादे अक्षर जोडतात; नावे प्रोग्राममध्ये पक्की न लिहिता बाहेरून भरता येतील अशी ठेवा.

पुढची चूक अवघड आहे. नवी कॅंडल वेळेनुसार नव्हे, पहिली टिक आल्यावर तयार होते. दिवस बदलला, युरो-डॉलरची नवी कॅंडल आली, पण ऑस्ट्रेलियन-न्यूझीलंडमध्ये अजून टिक नाही. अशा वेळी त्या जोडीची ‘मागची कॅंडल’ मागितली तर कालची नव्हे, परवाची मिळते. निर्णय घेण्याआधी सगळ्या जोड्यांच्या कॅंडलची वेळ जुळते का ते पाहा. नसेल तर पुढच्या फेरीची वाट पाहा.

दिवस बदलतानाची दुसरी अडचण स्प्रेडची. त्या वेळी, भारतीय घड्याळात उन्हाळ्यात पहाटे २.३० आणि हिवाळ्यात ३.३० ला, बँका हिशोब बंद करत असतात आणि स्प्रेड कैक पटींनी फुगतो. दैनिक कॅंडलवर चालणारा बॉट नेमका त्याच मिनिटाला आठ जोड्यांत ऑर्डर टाकतो. ठराविक स्प्रेड धरून केलेल्या बॅकटेस्टमध्ये हे दिसत नाही. प्रवेश तासभर पुढे ढकला आणि ‘स्प्रेड अमुक पिपच्या वर असेल तर थांब’ ही अट घाला.

प्रत्येक जोडीला वेगळा ‘मॅजिक नंबर’ द्या, म्हणजे कोणता सौदा कोणाचा ते कळते. उघड्या सौद्यांची माहिती बॉटच्या स्मृतीत ठेवू नका. सुरू होताना टर्मिनलकडून वाचून घ्या. नाहीतर संगणक बंद होऊन चालू झाला की बॉट तेच सौदे पुन्हा घेतो.

ऑर्डर नाकारली गेली की ‘जर्नल’मध्ये, म्हणजे टर्मिनलच्या नोंदींत, क्रमांक येतो. नेहमी भेटणारे हे: १००१४ म्हणजे लॉटचा आकडा चुकीचा, बहुधा पट जुळत नाही. १००१६, स्टॉपलॉस भावाच्या फार जवळ किंवा उलट्या बाजूला. १००१९, मार्जिन पुरेसे नाही. १००२७, टर्मिनलमधले ‘अल्गो ट्रेडिंग’चे बटण बंद. १००३०, ऑर्डर भरण्याची पद्धत त्या जोडीला चालत नाही. काही जोड्यांत सौदे होतात आणि काहींत होत नाहीत, तेव्हा आधी हेच तपासा.

पायरी ८: चालवणे

घरच्या संगणकावर बॉट ठेवू नका. वीज आणि इंटरनेट दोन्ही गेले की उघडे सौदे वाऱ्यावर. भाड्याचा सर्व्हर, म्हणजे व्हीपीएस, घ्या, शक्यतो ब्रोकरचा सर्व्हर असलेल्या शहरातला. विंडोजचे अपडेट होऊन तो स्वतःहून पुन्हा सुरू होतो, तेव्हा टर्मिनलही आपोआप सुरू होईल अशी व्यवस्था आधीच करा आणि एकदा मुद्दाम बंद-चालू करून खात्री करा. स्टॉपलॉस बॉटच्या डोक्यात नव्हे, ऑर्डरसोबत ब्रोकरच्या सर्व्हरवर असायला हवा.

तोही हमी नसतो. १५ जानेवारी २०१५ ला स्विस नॅशनल बँकेने युरोमागे १.२० फ्रँकची तळरेषा अचानक काढून घेतली, तेव्हा कितीतरी स्टॉपलॉस ठरलेल्या भावापासून फार दूर भरले गेले आणि अनेक खाती शून्याखाली गेली. केंद्रीय बँकेने बांधून ठेवलेला भाव बॅकटेस्टमध्ये फार सुरक्षित दिसतो. अशा जोड्या यादीतच घेऊ नका.

क्रम असा ठेवा: तीन महिने डेमोवर एक जोडी. कायद्याने चालत असेल तिथे मग ०.०१ लॉटने खरे खाते, तीही एकच जोडी. दर शनिवारी त्या आठवड्याचे खरे सौदे त्याच आठवड्याच्या बॅकटेस्टशेजारी ठेवून जुळवा. सौद्यांची संख्या तीच हवी, भावातला फरक स्प्रेडएवढा. हे जुळू लागल्यावर दुसरी जोडी, आणि ती डॉलर नसलेली. पाऊंड-डॉलर दुसरी म्हणून घेतलीत तर बरेचसे युरो-डॉलरच दुप्पट घेतल्यासारखे होते.

एखादी जोडी चार महिने तोट्यात गेली म्हणून तिला काढून टाकण्याची फार घाई होते. तेवढ्यात तिचे दोन-तीनच सौदे झालेले असतात. बंद कधी करायचे ते जोडीवर नव्हे, पूर्ण खात्यावर ठरवा. बॅकटेस्टमधली सर्वांत मोठी घसरण १२ टक्के असेल तर १८ टक्क्यांवर बॉटने सगळे सौदे मिटवून थांबावे, आणि हा आकडा सुरू करण्याआधी प्रोग्राममध्ये लिहिलेला असावा. थांबल्यावर पहिले काम नियम बदलण्याचे नाही. जर्नल उघडा आणि ती घसरण किती चलनांतून आली ते मोजा. एकाच चलनातून आली असेल तर गुणांची मर्यादा कुठे तरी गळते आहे, आणि दुरुस्ती तिथे करायची आहे.